ठमीला बरं वाटतंय, हीच पंचाईत

गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आणलं त्या रात्री आमची कुत्री ठमी रडत होती. मोठ्यानं नाही. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा एकसुरी बारीक आवाज, थांबून थांबून. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. नावानं हाक मारली तर कानसुद्धा हलला नाही, आणि पाठीवर हात ठेवला तर अंग थरथरत होतं. रात्रीचे अकरा वाजले होते. हिला असह्य दुखतंय, औषध कमी पडलंय आणि आपण काहीतरी भयंकर करून बसलोय, याबद्दल माझी खात्रीच पटली होती.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे चार प्रश्न विचारले. जखमेपासून जरा लांब हलकेच दाबलं तर ती मान वळवून बघते का, पाय ओढून घेते का? नाही. हिरड्या कुठल्या रंगाच्या दिसतात? गुलाबी. हिरडीवर बोट दाबून सोडलं की उमटलेला पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत भरून येतो का? येत होता. श्वास कसा आहे? संथ, एकसारखा. "मग हे दुखणं कमी आणि गुंगी जास्त आहे," ते म्हणाले. भूल आणि अफूवर्गातली वेदनाशामकं उतरत असताना काही कुत्री अशी रडतात. आपण कुठे आहोत हेच त्यांना उमगत नसतं. थरथर होते, कारण भुलेनंतर काही तास शरीराला स्वतःची ऊब नीट सांभाळता येत नाही. "दिवे मंद करा, पांघरूण घाला, अर्ध्या तासानं मला कळवा. आणि तिला सारखं कुरवाळत बसू नका."

यातली शेवटची सूचना आमच्या घरात पाळणं सगळ्यांत अवघड. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी, आणि आई दर दहा मिनिटांनी दारात येऊन "झोपली का गं?" असं इतक्या मोठ्यानं विचारणार की झोपलेलीही जागी व्हावी. शेवटी दोघांना त्यांच्या खोलीत पाठवलं. दीडच्या सुमारास बिजागरी थांबली.

ठमी सात वर्षांची. अर्धी लॅब्रॉडॉर, उरलेली कोण ते तिलाच ठाऊक. वजन ३१ किलो, आणि त्यातले तीन-चार किलो निव्वळ बाबांचे लाड. चेंडू आणायला गेली आणि तीन पायांवर परत आली. मागच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट बंध, तुटलं होतं. माणसाचं लिगामेंट बहुतेकदा एका झटक्यात तुटतं. कुत्र्यांत मात्र ते बऱ्याचदा आधीपासून धाग्याधाग्यानं झिजत असतं, आणि मग एखादी फुटकळ उडी निमित्त होते. म्हणून मी चेंडूला दोष देणं सोडलंय. बाबांनी अजून सोडलेलं नाही.

ऑपरेशनचं नाव टीपीएलओ. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता असतो, साधारण २५ अंशांचा उतार. लिगामेंट गेलं की दर पावलाला मांडीचं हाड त्या उतारावर मागे घसरतं. या शस्त्रक्रियेत लिगामेंट जोडतच नाहीत. नडगीचा माथा गोलाकार करवतीनं कापतात, थोडा फिरवून उतार पाच अंशांच्या आसपास आणतात आणि धातूची पट्टी स्क्रूंनी घट्ट बसवतात. बार्कली स्लोकम या अमेरिकी पशुशल्यविशारदानं १९९३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. मी हे सगळं बाबांना कागदावर काढून दाखवलं.

"म्हणजे धडधाकट हाड मुद्दाम कापलं?"

"हो."

"आणि वर पैसे आपण दिले?"

हसण्यावारी गेलं, पण बाबांचा प्रश्न बरोबर होता. आम्ही घरी आणलं होतं ते मोडलेलं हाड. कापलेलं हाड सांधायला आठेक आठवडे लागतात, आणि तोवर सगळी भिस्त त्या पट्टीवर आणि स्क्रूंवर. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "पहिला आठवडा तुम्हाला वाटतो तितका अवघड जाणार नाही. तिला बरं वाटायला लागलं की मला शिव्या द्याल." तेव्हा मी नुसती मान हलवली.

पहिल्या आठवड्यात मी केलेली पहिली चूक म्हणजे गादी. दुखणाईत जीव आहे म्हणून चांगली जाड, मऊ, हात दाबला की मनगटापर्यंत आत जाईल अशी गादी आणली. ठमी तिच्यावर झोपली झकास. उठता मात्र येईना. मऊ गादीत तिन्ही पाय रुतायचे आणि जोर द्यायला खाली काही लागायचंच नाही. दोनदा धडपडली, तिसऱ्यांदा घसटत गादीवरून खाली आली आणि उघड्या फरशीवर जाऊन पडली. मला वाटलं, उकडत असेल. दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. घडी घातलेली दोन जाड ब्लँकेटं रबरी मॅटवर अंथरली, बोटभर दबतील इतकीच. त्यावरून ती एका झटक्यात उठायला लागली. महागडी गादी सध्या बाबा वापरतात.

दुसरं प्रकरण फरशीचं. गुळगुळीत फरशीवर तीन पायांचं कुत्रं म्हणजे बर्फावरचं टेबल. तिच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत मॅटची एक वाट घातली. दोन मॅटच्या मध्ये वीतभर फट राहिली होती. एवढ्यानं काय होतंय, असं मी म्हटलं, आणि तिचा चांगला पाय नेमका त्याच फटीत घसरला. मग सगळे जोड चिकटपट्टीनं बंद केले. नखं आणि पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस ऑपरेशनच्या आधीच कापून घेतले होते, तेवढी एक अक्कल वेळेवर सुचली होती.

शू-शीला नेताना पोटाखालून मोठ्या टॉवेलचा झोळणा. सुरुवातीला मी तिला त्यात जवळजवळ उचलूनच चालवायचे, त्यामुळे माझी कंबर गेली आणि ती हवेत पोहल्यासारखे पाय मारायला लागली. झोळणा नुसता अंगाला लागेल इतकाच सैल धरायचा. तोल गेलाच तर सावरायला तो असतो. बाकी पाऊल तिचं तिनंच टाकायचं. पहिले चार दिवस शी झाली नाही आणि घरात दुसरा विषय नव्हता. आधीचा उपास, मग भूल, मग आतड्यांना सुस्त करणारी वेदनाशामकं, त्यामुळे तीन-चार दिवस जाणं नेहमीचंच, असं डॉक्टरांनी सांगूनही आई रोज सकाळी "झाली?" विचारायची. पाचव्या दिवशी झाली. आईनं मावशीला फोन करून सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी घोट्याशी लिंबाएवढी सूज दिसली. ऑपरेशन गुडघ्याचं आणि सूज पार खाली! अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडला आणि हळूहळू भरला. मी रोज सकाळी आठ वाजता, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात पायाचा फोटो काढत होते. ते चार फोटो डॉक्टरांना पाठवले. फोटो एकापुढे एक पाहिले की गोष्ट उलगडते: पहिल्या दिवशी गुडघ्याभोवती फुगवटा, दुसऱ्या दिवशी नडगीवर जांभळट डाग, तिसऱ्या दिवशी तो डाग खाली सरकलेला, चौथ्या दिवशी घोटा. जखमेतलं पाणी वजनानं खाली उतरतं, एवढंच. चार-पाच दिवसांत ते आपोआप जिरलं. घाबरायचं कधी, तेही त्यांनी सांगून ठेवलं: टाक्यांच्या कडा उकलल्या, जखम गरम आणि लालभडक झाली, पू किंवा वास आला, ताप चढला, किंवा काल टेकवत असलेला पाय आज टेकवेनाशी झाली तर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्त. हे माहीत नव्हतं तेव्हा मी तिच्या कानाला हात लावून तापच आलाय असं दोनदा जाहीर केलं होतं.

पहिले तीन दिवस पातळ फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. हा आमचा सगळ्यांत शांत वेळ. ती डोळे मिटायची आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेल्या कोनाची कड माझ्या गुडघ्यावर टेकवायची.

औषधांचा तक्ता फ्रिजवर लावला होता. सूज-वेदना कमी करणारी गोळी जेवणासोबतच, रिकाम्या पोटी नाही. उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा खाण्यावरची वासना गेली तर पुढची गोळी थांबवून फोन. दुसरी गोळी गॅबापेन्टिनची, तीही दुखण्यावरचीच; तिनं ठमी जरा झिंगल्यासारखी चालायची. इथे बाबा एकदा आपल्या डब्यातली अर्धी गोळी हातात घेऊन आले. "मला यानं लगेच आराम पडतो, तिला अर्धी दिली तर काय बिघडतंय?" बिघडतं, आणि वाईट बिघडतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या जोडीला गेली तर धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉलही आपल्या मनानं द्यायचं नाही. आणि एक गोष्ट मला स्वतःलाच ठाऊक नव्हती: गॅबापेन्टिनचं माणसांसाठीचं जे पातळ औषध मिळतं, त्यात कधीकधी गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, आणि झायलिटॉल कुत्र्यांना विषारी. गोळी गिळवताना नाकी नऊ येत होते म्हणून मी पातळ औषध आणायच्या बेतात होते. विचारलं म्हणून वाचलो.

आता कोनाबद्दल. बाबा त्याला नरसाळं म्हणतात. नरसाळं दाराच्या चौकटीला धडकायचं, पाण्याच्या भांड्यात शिरायचं, मागून येऊन माझ्या पोटऱ्या सोलायचं. भांडं लहान घेऊन बुटक्या स्टुलावर ठेवलं तेव्हा कोन भांड्याला वळसा घालून खाली जायला लागला आणि ती धड पाणी प्यायला लागली. गळ्यात घालायची फुगवलेली मऊ कॉलरही आणून पाहिली. दिसायला गोजिरवाणी, पण ठमीचं नाक तिला वळसा घालून थेट गुडघ्यावर. कोनाची कड नाकाच्या टोकापुढे गेली पाहिजे, नाहीतर तो नुसता दागिना.

नवव्या दिवशी मला तिची दया आली. जेवताना काढला, आणि जेवण झाल्यावर "दहा मिनिटं मोकळी राहू दे" म्हणून तसाच ठेवला. फोन आला. मी पाठमोरी उभी राहून बोलत होते. मागून लप्‌, लप्‌, लप्‌ असा आवाज यायला लागला, आणि मी चक्क तो पाणी पिण्याचा आवाज समजले. वळून पाहिलं तर दोन टाके गायब आणि मधे बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी, ओली, उघडी फट. "चाटल्यानं जखम लवकर भरते म्हणतात ना," आई धीर द्यायला म्हणाली. नाही भरत. कुत्र्याच्या तोंडात भरपूर जंतू असतात आणि जीभ सारखी घासली की जखम उघडते. डॉक्टरांनी दोन नवे टाके घातले. मला काहीच बोलले नाहीत, त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

चौदाव्या दिवशी निघायचे टाके सतराव्या दिवशी निघाले. आणि मग ते सुरू झालं.

ठमीला बरं वाटायला लागलं. पाय टेकवायला लागली, शेपूट हलायला लागली, सकाळी माझ्या आधी उठून चेंडू ठेवलेल्या कपाटासमोर बसायला लागली. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "अरे वा, झाली की बरी!" आत हाड जेमतेम धरायला लागलेलं. बाहेरून ते कुणाला दिसणार? तिला तर मुळीच नाही. आजारी कुत्र्याची सेवा कुणीही करेल. हे धडधाकट दिसणारं, कंटाळलेलं, तुमच्याकडे टक लावून बघणारं कुत्रं सांभाळायचं म्हणजे रोज साठ वेळा नाही म्हणायचं. सोफ्यावर नाही, पायऱ्यांवर नाही, पळायचं नाही, घरातसुद्धा पट्ट्याशिवाय फिरायचं नाही.

कबूल करते, एका क्षणी मी डॉक्टरांना विचारलं की वेदनाशामक थोडं कमी केलं तर ती आपोआप गप्प बसेल का. जरा दुखलं म्हणजे उड्या मारणार नाही, असा माझा हिशोब. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. दुखणाऱ्या पायावर कुत्रं वजन टाकत नाही, वजन टाकलं नाही की मांडीचा स्नायू वाळतो, आणि घंटी वाजली की दुखत असूनही ते उडी मारतंच. मी शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या होत्या. उजवी चार सेंटीमीटरनं बारीक. त्यानंतर हा विषय मी काढला नाही.

घंटीचं मात्र खरंच झालं. चोविसाव्या दिवशी घंटी वाजली, पट्टा माझ्या हातात होता पण सैल, आणि ठमी मॅटची वाट सोडून सरळ फरशीवरून दाराकडे सुटली. घसरली, केकाटली. दोन दिवस पाय टेकवेना. एक्स-रे काढला. पट्टी आणि स्क्रू जागच्या जागी होते, नशीब. परत येऊन मी घंटीची तार काढली आणि दारावर कागद लावला: "घंटी वाजवू नका, फोन करा." तर लोक दार ठोठावून विचारायला लागले, घंटी बिघडली आहे का?

पुढचे आठवडे निभले ते तिच्या नाकावर. पाय बांधलेले असले तरी नाक मोकळं होतं. तिचं जेवण मी भांड्यात देणंच बंद केलं. दाणे टॉवेलच्या गुंडाळीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, चुरगळलेल्या कागदांत. पंधरा मिनिटं फुसफुसत शोधलं की ती इतकी दमायची की दोन तास गाढ झोप. जादा काही नाही, रोजचं मोजलेलं खाणंच, कारण वजन उतरवणं हाही उपचाराचाच भाग होता. बाबांचं "एकच दिलं गं" मी वहीत लिहायला लागले. आठवड्याच्या शेवटी बेरीज करून त्यांना दाखवली, तेव्हा ते स्वतःच ओशाळले. आठ आठवड्यांत ३१ वरून २८.४ किलो.

चालणं डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे: आधी शू-शीपुरती पाच मिनिटं, टाके निघाल्यावर दर आठवड्याला पाच मिनिटं जास्त. गंमत म्हणजे मिनिटांपेक्षा वेग महत्त्वाचा. भरभर चाललं की ती दुखरा पाय वर उचलून तीन पायांवर लंगडी घालत पुढे जायची, आणि मला वाटायचं काय छान चालतेय. गोगलगाईसारखं चाललं तरच चारही पावलं पडतात. एक, दोन, तीन, चार, असं मोजत मी तिच्या बाजूनं चालायचे. शेजारचे बघायचे. मग घरी बसव-उठवचे पाच फेरे, गुडघा बाहेर न फेकता नीट खाली घेऊन. फेकला तर ती खेप मोजायची नाही.

आठव्या आठवड्याचा एक्स-रे डॉक्टरांनी पहिल्या एक्स-रेशेजारी लावला. पहिल्यात करवतीची चीर केसासारखी बारीक, स्वच्छ काळी. दुसऱ्यात ती शोधावी लागत होती. धुकटलेली, पुसत आलेली. मी विचारलं, आता चेंडू? ते म्हणाले, अजून महिनाभर विसरा, आणि डाव्या गुडघ्यावरही लक्ष ठेवा, कारण एक गेलेल्या कुत्र्यांत पुष्कळदा दुसरंही जातं. चेंडू बाबांनी आपणहून कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर टाकला.

घरातल्या वाटेवरच्या मॅट आम्ही लगेच काढल्या नाहीत. एकेक करून, चार दिवसांत काढल्या, शेवटची परवा. चिकटपट्टीचे डाग अजून फरशीवर आहेत. काल संध्याकाळी मी पट्टा सोडला आणि स्वयंपाकघरातून बघत उभी राहिले. दार समोर होतं, मधे काहीच नव्हतं, सरळ जायला सहा पावलं. ठमी अंथरुणावरून उठली, पाण्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे काटकोनात वळली, आणि भिंतीच्या कडेकडेनं, जिथे मॅट होती नेमक्या त्याच पट्ट्यावरून, एकेक पाऊल टाकत दाराशी येऊन बसली.